डिकीतला पिस्टन

गाडीचा आवाज आपण स्वतःच शोधून काढायचा, असं मी रविवारी सकाळी चहा पिता पिता ठरवलं. चहा बिघडला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण चहा फक्कड झाला होता, आणि फक्कड चहानंतर मला फार आत्मविश्वास येतो.

गाडी जुनी आहे, पण माझी पहिलीच. तिच्यावर माझा जीव आहे. उभी असताना ती अगदी गुणी दिसते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मात्र असा हंबरडा फोडते की वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ दचकून उठतं. मग बाळाची आई खिडकीतून माझ्याकडे ज्या नजरेने बघते, ती मला ऑफिसातही आठवते. शेवटी बायकोने निकाल दिला.

"आज संध्याकाळपर्यंत आवाज गेला नाही, तर गाडी विकायची."

"अगं, पण..."

"विकायची म्हणजे विकायची. कुणी घेतली नाही तर फुकट द्यायची!"



आमचे सासरे आमच्याकडेच असतात. निवृत्त तारमास्तर. उभी हयात तारयंत्राची टकटक ऐकण्यात गेल्यामुळे घरात कुठे खुट्ट झालं, की ते डोळे मिटून निदान करतात. "मोरीतला नळ. वॉशर गेलाय." आणि ते बरोबर निघतं, हाच तर त्रास आहे.

"जावईबापू, आवाज पुढचा की मागचा, ते आधी ठरवा," गाडीभोवती फिरत ते म्हणाले.

"पुढचाच. पिस्टन!" मी म्हणालो. (इंजिनातला मला नावानिशी माहीत असलेला हा एकमेव भाग.)

मग मी हातमोजे आणायला वर गेलो. (हातमोजे बायकोचे, भांडी घासायचे. पण ते घातले की माणूस जाणकार दिसतो.) तेवढ्या वेळात खाली काय झालं ते मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, निदान तुम्ही तरी घाबरू नका. मागचा आवाज मागे जाऊनच ऐकायला हवा, असं म्हणून सासरे उशी घेऊन सरळ डिकीत आडवे झाले. गाडीपाशीच उभ्या असलेल्या बायकोने डिकी लावली. मला सांगायला ती थांबणारच होती, पण तिला गॅसवरचं दूध आठवलं. ती लिफ्टने वर गेली आणि मी जिन्याने खाली आलो.

खाली चिटपाखरू नव्हतं. कंटाळून गेले असतील, असं म्हणून मी गाडी काढली.

कोपऱ्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला. हंबरडा आलाच, आणि त्याच्या जोडीला आलं, ठक-ठक-ठाक!

मी हरखलो. हा आवाज नवा होता! आणखी दाबला, तर ठक-ठक-ठाक, ठक-ठक-ठाक! पाय उचलला, ठकठक थांबली. रोगाने स्वतःहून नाडी पुढे केली होती हो! "सापडलास लेका," मी पिस्टनला म्हणालो. बायकोचा फोन सारखा येत होता, पण डॉक्टर ऑपरेशन सोडून फोन घेतो का? मी मैदानाभोवती फेऱ्या मारत राहिलो. एका खड्ड्यावर मागून "आई गं!" असं काहीसं ऐकू आलं, तेव्हा शॉक-अ‍ॅब्सॉर्बरही गेले असं मी ठरवून टाकलं. मग विजयी मुद्रेने गाडी मैदानासमोरच्या आमच्या नेहमीच्या गॅरेजात घातली.

"आवाज दोन आहेत," हातमोजे न काढता मी मेकॅनिकला समजावलं. "एक रडतो, एक ठोकतो. ठोकणारा पिस्टन आहे. काम फार नियमित आहे त्याचं."

मेकॅनिकने बॉनेट उघडलं. "इंजिन बंद करा."

मी केलं.

ठक-ठक-ठाक!

"साहेब, इंजिन बंद आहे," मेकॅनिक दबक्या आवाजात म्हणाला.

"तेच तर! म्हणजे बघा किती बिघडलाय!"

इतक्यात शेजारणीच्या स्कूटरवरून बायको उतरली. हातात अजून सांडशी होती.

"अहो, बाबा कुठेत?"

"घरी."

"घरी नाहीत! डिकीत आहेत!"

मी मागे धावलो. डिकी उघडली, तर आत सासरे. केस विस्कटलेले, चेहरा मात्र प्रसन्न.

"बाबा, चुकलं माझं! तुम्ही बाहेर काढा म्हणून ठोकत होता, आणि मी..."

"छे छे! बाहेर कशाला? आत झकास ऐकू येत होतं." ते उशीसकट उठून बसले. "मी तारेच्या भाषेत सांगत होतो, गिअर बदला, गिअर बदला. गाडी थांबली तरी शेवटचं एकदा ठोकून पाहिलं. अहो, सगळा वेळ तुम्ही दुसऱ्याच गिअरमध्ये!"

आता हे खरं होतं. तिसरा टाकताना एकदा माझी गाडी भर चौकात बंद पडली आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. तेव्हापासून मी दुसऱ्यावर सुखी आहे. (बढतीच्या बाबतीत ऑफिसातही माझं तेच धोरण आहे.)

मेकॅनिकने गाडी एकदा फिरवून आणली. तिसरा, चौथा, सगळे गिअर टाकले. गाडीने हूं की चूं केलं नाही.

"गाडीला काही झालेलं नाही," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याने सभ्यपणे गिळलं.

गाडी वाचली! मला इतका आनंद झाला की मी भरल्या डोळ्यांनी बॉनेट थोपटलं. किल्ली मात्र बायकोच्या पर्समध्ये गेली.

परत येताना ती चालवत होती, मी शेजारी बसलो होतो. गाडी लोण्यासारखी चालली होती. मागच्या सीटवर सासऱ्यांनी एकाएकी डोळे मिटले.

"पोरी, एक आवाज अजून आहे गं."

मी गर्रकन मागे वळलो. "कुठून येतोय, बाबा?"

"पुढूनच. हिने वेग वाढवला की वाढतो. वाढव बघू जरा."

तिने अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

"अगं, हळू! पुढे सायकलवाला आहे! ब्रेक! ब्रेक!" मी ओरडलो.

"हाच तो," सासरे म्हणाले.

"तो नाही जायचा, बाबा," बायकोने शांतपणे चौथा गिअर टाकला. "लग्नापासून आहे."