जगूकाकांची परतीची वाट

जगूकाका आमच्या घरी पुढच्या दाराने येत आणि मागच्या दाराने जात. मागच्या दारी आई मासळी साफ करत बसलेली असो, नाहीतर ओल्या लाकडांच्या धुरात डोळे पुसत असो, काका "वैनी, जरा बाजू द्या" म्हणत चूल ओलांडून परसात उतरत आणि कुंपणातून बाहेर पडत. पहिल्या वेळी आईला वाटलं, माणूस चोरी करून पळतोय. पुढे तिने काका येण्याच्या वेळी मागची कडी काढून ठेवायला सुरुवात केली.

"आलो त्या वाटेनं परत जायचं नाय," हा त्यांचा नियम. का, असं विचारलं की म्हणायचे, "वाट एकदा बघितली ना? मंग पुन्ना काय बघायचं?"

बोईसरच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला एकच दार होतं. त्यामुळे काका सहसा आजारी पडत नसत. एकदा ताप फारच चढला तेव्हा मीच त्यांना हाताला धरून नेलं. सुई टोचून झाल्यावर ते कंपाउंडरच्या खिडकीकडे अशा नजरेने बघायला लागले की बिचाऱ्याने घाईघाईने तिथल्या बाटल्या उचलल्या. कंपाउंडर शहाणा होता.

पालघरला ते चपला घ्यायला गेले ते आगगाडीने. परतीला गाडी होती, पण गाडीने गेलेला माणूस गाडीने कसा येणार? काका सातपाटीला गेले, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात दुपार काढली, ओळखीच्या तांडेलाच्या होडीत बसले आणि तारापूरच्या किनाऱ्याला उतरले. तिथून बैलगाडी. आमच्या बेटेगावात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. एक चप्पल पायात होती, दुसरी दर्याने ठेवून घेतली होती.

"एक तर आली ना?" काका म्हणाले.

बेटेगावात आमची बिऱ्हाडं शेजारीशेजारी होती. काका मूळचे पाम गावचे, पण इकडे येऊन त्यांनी केळी-वांग्यांची लहानशी वाडी केली होती. काकी जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. एकटे राहायचे, स्वतःचं रांधायचे आणि ते वाईट झालं की आमच्याकडे जेवायचे. त्यामुळे बहुतेक आमच्याकडेच जेवायचे. मी बोईसरच्या भातगिरणीत कारकून होतो. घरात आई, मी आणि माझी धाकटी बहीण शालू. वडील नव्हते. आठवडाभर भुसा खाल्ल्यावर रविवारी दुपारपर्यंत झोपावं एवढीच माझी इच्छा असे, आणि तीच काकांना बघवत नसे.

"वसंता, ऊठ. डोंगर बघून येऊ."

"मागच्या रविवारी बघितला ना!"

"मागच्या रविवारी उगवतीकडनं उतरलो. खाडीच्या अंगानं कुठं बघितलास?"

गावामागे जंगलखात्याने साग लावलेला तो डोंगर. खाली सगळा साग ओळीत, शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी करावीत तसा. वर गेलं की ओळ मोडते आणि ऐन, खैर, मोह, कारवी असा मूळचा गोंधळ सुरू होतो. थंडीत सागाची पानं गळायला लागली की पायाखाली असा आवाज होई की डोंगरावरच्या झाडून सगळ्या प्राण्यांना आमची वर्दी आधीच पोचत असे. इतके रविवार हिंडून मला एक ससा तेवढा दिसला, आणि तोसुद्धा जाताना.

चढायची वाट मात्र काकांची ठरलेली होती. तीच जांभूळ, तीच धोंड, तोच ओहोळ. आणि चढताना अक्षर बोलायचं नाही. "दम लागतो," म्हणत. दम लागायचा मला. काका विडी ओढत चढत आणि मध्येच कुठेतरी उगाच थांबत. वर पोचलं की तोंड उघडत. मग समोरचा समुद्र, खाडी, मिठागरं, तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीजघराच्या बांधकामाच्या उभ्या राहिलेल्या क्रेन, सगळ्यावर त्यांचं मत असे. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊन झाली की ते धोतर झटकत आणि जिथे वाट नाही तिथे उतरायला लागत.

कारवीत माझे दोन शर्ट गेले. एकदा आम्ही एका पाड्यावरच्या म्हातारीच्या थेट अंगणात उतरलो. तिने नाचणीची आंबील दिली आणि विचारलं, "घर कुठं तुमचं?" काकांनी मागच्या डोंगराकडे बोट केलं. "मंग हिकडं कुठं चाललाव?" "घरीच," काका म्हणाले. म्हातारीने माझ्याकडे बघून आणखी थोडी आंबील वाढली.

एकदा तर डोंगरामागच्या खडीच्या खाणीत जाऊन निघालो. तिथला रखवालदार उत्तरेकडचा होता. त्याने काठी आडवी घातली.

"ए चाचा, किधर से आया?"

"उप्परसे."

"किधर जाता है?"

"खाली."

"रास्ता उधर है!"

"वो रास्तेसे तो गया था," काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "अब उसीसे कैसा आयेगा?"

रखवालदाराने बराच वेळ विचार केला आणि काठी बाजूला घेतली. काकांपुढे असा पुष्कळांनी विचार केलेला मी पाहिला आहे.

अशा माणसाच्या हातात माझ्या बहिणीचं लग्न सापडलं. झालं असं, की खाडीपलीकडच्या गावातून शालूला बघायला मंडळी यायची होती. स्थळ चांगलं होतं, आणि त्याआधीची दोन हातची गेली होती. आमच्या घरात वडील माणूस नाही, म्हणून बोलणी करायला काकांनी बसायचं असं ठरलं. पाहुणे यायचे मंगळवारी. पण रविवारी सकाळी निरोप आला की ते आजच येतायत, दुपारच्या बसने. काका तोवर डोंगरावर गेलेले.

"जा, त्यांना घेऊन ये," आई म्हणाली. "आणि वसंता, सरळ ये रे बाबा." शालूने नुसतं माझ्याकडे बघितलं, ते मला पुरेसं होतं.

मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा काका दगडावर बसून भाकरी सोडत होते. सगळं ऐकून ताडकन उठले. "चल, चल. लवकर." आणि दक्षिणेकडच्या कड्याकडे निघाले.

"काका, तिकडून संध्याकाळ होईल. आपल्या चढायच्या वाटेने उतरू."

ते थांबले. "त्या वाटेनं नाय."

"पाहुणे निघून जातील, काका! घरात एक वडील माणूस नाही, असली कसली मंडळी म्हणतील. शालूचं हेही स्थळ तुमच्या हट्टापायी जायला हवंय का?"

मी आयुष्यात त्यांच्यावर इतका ओरडलो नव्हतो. काकांनी भाकरी पुन्हा फडक्यात बांधली. गाठ बसत नव्हती. मग ते वळले आणि आलेल्या वाटेने उतरायला लागले. मला जिंकल्यासारखं वाटलं. फार वेळ वाटलं नाही.

ओहोळापाशी ते थबकले. "इथं ती बोलली, बाबा, त्यांच्याकडं च्यात गूळ घालतात."

"कोण?"

"सुमी. माझी सुमी." ते चालत राहिले. "पयला दिवाळसन झाला. तिला पोचवाया मीच चाललो होतो. डोंगरामागं दिली होती तिला. या वाटेनं आमी दोगं." धोंड आली. "इथं बसली. चप्पल चावते, बोलली. आनि मंग सगळ्या वाटेवर सासूच्या नकला केल्या, मेलीनं. हसून हसून मना दम लागला." सागाच्या ओळी सुरू झाल्या. "ही रोपं तवा गुडघ्याएवडी होती. बोलली, बाबा, ही मोठी होतील तवा आपन म्हातारे होऊ. मी बोललो, तू कशाला होतेस, मी होईन."

पानं वाजत होती. मला धीर होत नव्हता, तरी विचारलं, "काका... कधी गेली सुमी?"

"गेली म्हंजे?"

"म्हणजे... वारली कधी?"

काका गर्रकन वळले. "मेल्या! तोंड हाय का काय तुझं! धडधाकट हाय ती! आता सुरतेला असते, तीन पोरं हायत तिला. गेल्या मे मयन्यात आली नव्हती का, ती जाडी?"

मला ती जाडी आठवली. मी तिला काकांची कोणी भाची समजलो होतो. तिने आमच्याकडे पंधरा पुऱ्या खाल्ल्या होत्या.

"मग झालं काय?"

"काय व्हायचं? काय नाय झालं." काका पुन्हा चालू लागले. "तिला सोडली नि याच वाटेनं परत आलो. तीच धोंड, तोच ओहोळ, तीच जांभूळ. नि कोन बोलत नाय. घरात तर कोन नव्हतंच, पन वाटेवर पन नाय. जाताना ती बोलते रे अजून. येताना बोलत नाय."

चढताना आम्ही गप्प का असायचो, ते मला तेव्हा कळलं. या माणसाला मी दर रविवारी हसत आलो होतो.

आम्ही घामाघूम होऊन पोचलो तेव्हा पाहुणे नुकतेच ओट्यावर टेकले होते. शालूने पोहे आणले, मुलाने मान वर केली नाही, सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. मुलाच्या वडिलांनी काकांना विचारलं, "तुम्हाला काय विचारायचंय का?"

काकांनी घसा खाकरला. "तुमच्या गावाला वाटा किती?"

आईच्या हातातली कपबशी वाजली.

"एकच," मुलाचे वडील अभिमानाने म्हणाले. "मिठागरातला बांध. पक्का हाय, पावसात पन चुकायची भीती नाय."

काकांचा चेहरा पडला. लग्न ठरलं, साखरही वाटली, पण काका कडू औषध गिळावं तशी साखर गिळत होते. जाताना मला कुंपणाशी म्हणाले, "पोरगा बरा हाय. गाव वाईट हाय."

पुढचे दोन रविवार ते डोंगरावर गेलेच नाहीत. खाडीच्या बाजूला फिरत राहिले. एकदा मांडीपर्यंत चिखलात माखून आले, एकदा होडीवाल्याशी भांडून आले. काय चाललंय, विचारलं तर सांगेनात. आईला वाटलं, स्थळाची चौकशी करतायत.

लग्न झालं. पाचपरतवणाला शालू माहेरी आली, आणि तिला परत पोचवायला मी गेलो. बसमधून उतरून तो बांध लागला. दोन्ही बाजूंना मिठाच्या खाचरातलं पाणी, मध्ये आम्ही. शालू सारखी बोलत होती. सासरी मीठ कमी खातात, आणि राहतात मिठागरात, म्हणाली. पिशवी या हातातून त्या हातात घेत होती, मला देत नव्हती. दारात पोचल्यावर मात्र तिने एकदाच "दादा" म्हटलं आणि आत गेली.

मी बांधावर परत पाऊल ठेवलं. जिथे ती हसली होती ती जागा आली. जिथे पदर सावरायला थांबली होती ती आली. वाऱ्याचा आवाज तेवढा होता. मला रडू आलं, आणि वाट तर संपता संपेना.

अर्ध्यावर मिठाच्या ढिगाशी कोणीतरी उकिडवं बसलं होतं. विडी ओढत होतं.

"काका? तुम्ही इथे कसे?"

"दुसरी वाट नाय," काका म्हणाले. "सगळीकडं बघितली. चिखल हाय." त्यांनी विडी विझवली आणि माझ्यापुढे चालायला लागले, आले होते त्याच बांधाने. मागे वळून न बघता, मोठ्या आवाजात त्यांनी बोलायला सुरुवात केली. यंदा केळीला घड कसे लागलेत, वांग्यावर कीड कशी पडली, सुमीच्या धाकट्याला दात कसा आला. थोडा वेळ थांबले की मला हुंदका येई, म्हणून ते थांबतच नव्हते. मी मागून "हं, हं" म्हणत गेलो. त्यांना धाप लागली होती, तरी रस्ता येईपर्यंत ते बोलत राहिले.