मनोहररावांची न संपणारी कुरडई

"सरक तिकडं, कुरडया मी टाकतो," असं मनोहरराव बोलून गेले आणि फसले. दरवर्षी सक्करदऱ्यातल्या त्यांच्या गच्चीवर शेजारच्या बाया जमायच्या आणि हसतखिदळत काम उरकायचं. यंदा लॉकडाऊनमुळे कोणी कोणाच्या घरी जात नव्हतं. चीक तर शिजून तयार होता, आणि तो गरम असतानाच पिळायला हवा.

पण मनोहरराव पुढे सरसावण्याचं खरं कारण वेगळंच होतं. त्यांची लेक मिनल पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, ती सासरी खाप्याला अडकून पडली. तेव्हापासून सिंधूताई कामापुरतंच बोलायच्या. बायकोचं ते गप्प राहणं मनोहररावांना सोसवत नव्हतं.

त्यांनी सोऱ्या काठोकाठ भरला आणि जोर लावला. चीक खालून यायच्या ऐवजी वरून उसळून बनियनवर आला.

"अजी, एवढा काहून भरता?" सिंधूताई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा मात्र धार सुरू झाली. मनोहरराव पिळत पिळत मागे सरकू लागले. खाली अंथरलेलं प्लास्टिक संपलं, कुरडई संपेना.

"थांबा नं जी आता!"

"थांबलो तं सारं थंडं होऊन जाईन नं!"

धार त्यांच्या चपलेवरून पाण्याच्या टाकीकडे निघाली. समोरच्या गच्चीवरून इंदूबाई ओरडल्या, "सिंधू वं, भाऊजी मेट्रोची लाईन टाकून राहिले का? सीताबर्डीपर्यंत नेतात वाट्टे!"

सिंधूताईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना. त्या खालीच बसल्या. हसता हसताच त्यांनी मिनलला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, बंद करा नं! हसून हसून पोट दुखून राहिलं माह्यं!"

"पोटाले सांभाळ वं!" दोघंही एकदम ओरडले.

फोन ठेवल्यावर सिंधूताईंनी नवऱ्याचा हात धरून नीट शिकवलं. मनोहररावांचा हात बसला. पुढची कुरडई अगदी गोल, देखणी उतरली.

"जमलं की तुमाले," त्या म्हणाल्या आणि पुन्हा गप्प झाल्या. नजर रिकाम्या रस्त्याकडे गेली. इंदूबाईही आत निघून गेल्या.

त्या देखण्या कुरडईचा मनोहररावांना मनापासून राग आला. त्यांनी सोऱ्या उचलला, बायकोकडे चोरून पाहिलं आणि पुढच्या कुरडईला मुद्दाम हातभर लांब शेपूट काढलं.

"अजी, हे काय करून राहिले?"

"काय माहीत वं, हातच थांबून नाही राहिला," ते साळसूदपणे म्हणाले आणि शेपूट आणखी लांबवत राहिले, सिंधूताई पुन्हा हसेपर्यंत.