खाऱ्या पाण्याचं कोहळं

कापसाला सोन्याचा भाव आला आणि गावातल्या झाडून साऱ्या गाड्या कापूस भरून अमरावतीच्या बाजाराकडे निघाल्या, तेव्हा आमच्या शेजारचे कोंडबाकाका गाडीतून खारं पाणी आणत होते. घरच्या विहिरीला गोड पाणी असताना! अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यातून, अख्ख्या दिवसाची वाट तुडवून, बारा घागरी. ते पाणी ते वाडीतल्या कोहळ्याच्या वेलांना घालायचे.

वेल अर्थातच मरायचे. काका समाधानानं उपटून टाकायचे. "हे नाजूक निंगालं." जो एखादा तग धरी, त्याची फुलं उमलायच्या आधीच सुतानं बांधत, सकाळी नर फूल मादीला लावत आणि पुन्हा बांधत. का, तर माझ्या कोहळ्याचं वाण त्यात शिरू नये! मला हे लागलं. माझ्या कोहळ्यात काय वाईट होतं?

"कावून गा काका, इतका खटाटोप?"

"गंगी म्हने, आमच्याकडं कोहळं जगतच नाई. जगत नाई म्हंजे? त्याले शिकवलं नाई कोनं!"

गंगी ही त्यांची एकुलती लेक, त्याच पट्ट्यात दिलेली. कापूस वेचायला हात हवेत म्हणून सासरच्यांनी तिला लग्नापासून एकदाही माहेरी धाडलं नव्हतं.

एकदा काका पाण्याला गेले असता वेलांनी माना टाकल्या. मला दया आली. चार घागरी गोड पाणी घातलं. काका परतले, टवटवीत वेल पाहून मटकन बसले. "कोनं पाजलं?" मी छाती काढून सांगितलं. "आता खरा कोन अन् लबाड कोन, कसं ओळखू मी? गेलं ना गा वरीस!" आठ दिवस बोलले नाहीत. शेजारधर्म करायची सोयच राहिली नाही.

तिसऱ्या वर्षी एका वेलानं खाऱ्या पाण्यावर कोहळं धरलं, चांगलं घागरीएवढं. काकांनी ते पिकवलं, बी राखेत घोळून वाळवलं आणि भाजी मला पाठवली. माझ्या कोहळ्याहून गोड होती, हे मी कोणाला सांगितलं नाही. वाटलं, आता काका नाचतील. तर माणूस ओसरीवर तोंड पाडून बसलेला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी पुन्हा घागरी गाडीत चढवल्या. मीही बसलो.

गंगी सासरच्या खाऱ्या विहिरीवरच भेटली. काकांनी बियांची पुरचुंडी तिच्या हातात दिली आणि पोहरा सोडला. ते पाणी ओढत, ती घागरीत ओतत होती. दहा भरल्यावर तिनं एक घागर हळूच पायानं लवंडली. "बाबा, हे रिकामीच राह्यली." काका पुन्हा पाणी ओढू लागले. लेकीच्या दारी बिनकामाचा बाप किती वेळ बसणार? तिच्या घरचं पाणी रीतीनं त्याला पिता येत नव्हतं, भरून मात्र नेता येत होतं. आणि कोहळं जमलं, की तेही कारण संपलं.

तेवढ्यात गंगीचा सासरा आला. "काय म्हन्ता इवाई, जमलं का तुमचं कोहळं?"

गंगीनं पुरचुंडी पदराखाली घट्ट धरली.

"कुठचं जमते!" काका अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "आनखी दोन-तीन वर्सं पानी न्या लागन."

सासऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"एकबी वेल नाई जगला," मी सांगितलं.