चौदा घरांचं छप्पर

आमच्या शेजारच्या हसुराम भावोजींना कोनी विचारलं, "कसं काय, बरं हाय ना?" तर चारचौघांसारखं "बरं हाय" असं ते कधीच बोलायचे नाय. जागेवर उभे राहायचे, डोळे मिटायचे आनि वरून खाली सुरू करायचे. "उजव्या कानात शिट्टी वाजते. खालचे तीन दात कमी. डावा गुडघा चढावाला कुरकुरतो. बाकी गाडी चालू हाय."

विचारनारा तवर निम्म्या वाटंवर गेलेला असायचा.

त्याला कारन होतं. भावोजींनी सारी नोकरी पनवेलला बसगाड्यांच्या वर्कशॉपात काढली. गाडी आत आली की तिच्याभोवती फिरायचं, काय बिघडलंय ते बोलायचं, हेच त्यांचं काम. चांगलं काय हाय ते कोनी विचारायचंच नाय. चाळीस वर्सं मानूस असा राहिला की सवय हाडात जाते. रिटायर झाले तरी गाडीच्या जागी आमी होतो.

त्यांच्या झाडाचा फनस कोनी विकत मागितला तर बोलायचे, "एका बाजूनं किडका निघंल. वास आला पन गरे बारीक." गिऱ्हाईक पळायचं. मग फनस आमाला फुकट. तो कधी किडका निघाला नाय, ही गोष्ट वेगळी.

हद्द केली ती पोरीच्या, रंजनाच्या वेळी. पेन गावचा पाव्हना बघायला आलेला. पोहे झाले, पोरगी पसंत पडली. मुलाचा बाप हसून उठतोय तोवर भावोजी बोलले, "बसा. पोरगी घोरते. आनि डावा पाय उजव्यापेक्षा मोठा हाय, चप्पल घेताना वांधे होतात." आत सोनूबाय, म्हंजे त्यांची बायको, तिनं कपाळावर हात मारला. रंजना रडायला लागली. मुलाचा बाप परत खाली बसला नि बोलला, "आमचा मुलगा पन घोरतो. ते आमी सांगनार नव्हतो." झालं लगीन. सुखात हाय पोर.

त्यांची नि माझी भिंत एक. माझा मालक गेला तवा माझी पोरं लहान. मी पाटीत भाजी घेऊन पनवेलच्या बाजारात बसायची. ते दिस काही सांगन्यासारखे नाय, गेले ते गेले. एवढंच सांगते, की संध्याकाळी मला उशीर झाला तर माझी पोरं सोनूबायच्या चुलीपाशी जेवलेली असायची, आनि तिनं ते मला कधी बोलून दाखवलं नाय.

त्या सोनूबायला दोन वर्सांमागं अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली. बोलनं तुटक झालं, एक एक शब्द ओढून काढावा लागतो. रंजना तिला पेनला घेऊन गेली. पन रंजना राहते दुसऱ्या मजल्यावर. एकदा वर नेली ती नेली. खाली उतरायचं तर चौघं लागतात. ज्या बाईनं जन्मभर अंगन सोडलं नाय ती खिडकीतून रस्ता बघत बसली.

तवा भावोजींनी ठरवलं. रंजनाच्या बिल्डिंगीला लागून तळमजल्यावर दोन खोल्या विकायला होत्या. पुढं चार हात अंगन. इथलं घर विकायचं नि तिथं सोनूला घेऊन राहायचं. तिथला मालक बोलला, जूनच्या शेवटापर्यंत थांबतो, मंग दुसऱ्याला देतो.

घर बघायला मानसं येत. भावोजी त्यांना दारातच थांबवत. "मोरीचं पानी हळू जातं. मागच्या खोलीत सूर्य येत नाय. पलीकडच्या घरचा कोंबडा तीन वाजता ओरडतो. बाकी घर चालू हाय." कोंबडा माझा. मी आतून ओरडायची, "भावोजी, कोंबडा कशाला सांगता?" तर बोलायचे, "वयनी, घेनारा मंग मला शिव्या देईल. तुला नाय."

असं करत करत डोंबिवलीचे एक शिंदे सापडले. बंदरात कामाला होते, घर जवळ पाहिजे होतं. त्यांनी कोंबड्यासकट घर पसंत केलं. बयाना दिला. बँकेचं कर्ज मंजूर झालं, तेही जूनअखेरपर्यंतच. सगळं एका खुंटीला टांगलेलं.

आनि मंग वादळ आलं.

भावोजी त्या दिवशी पेनला. मी घरात. वारा असा की दाराला पाठ लावून बसले तर दारच मला ढकलायला लागलं. भिंतीपलीकडं मोठा आवाज झाला, जसा कोनी ताशा फाडला. भावोजींच्या छपराचे चौदा पत्रे गेले. काही खाडीत, काही चिंचंवर, एक तर शाळेच्या मैदानात उभा रुतलेला. लाईट गेली, फोन गेले.

दुसऱ्या दिवशी सगळी आळी गोळा झाली. सोनूबायचं घर उघडं पडलंय, आत तिची कपाटं, गाद्या, देव. वर ढग तसेच. आमी कोनाला विचारायला थांबलो नाय. आमच्यात घर उघडं पडलं की ज्याच्याकडं जे हाय ते घेऊन यायचं, बस. तुळसाबायनं बकऱ्यांच्या गोठ्याचा हिरवा पत्रा काढला. कमळाकरनं पडवीचा निळा दिला. पोरांनी क्रिकेटच्या मैदानावरचा आनला. एक कुठून तरी पाटीच आली, तिच्यावर लिवलेलं, "येथे गाडी उभी करू नये." तीपन ठोकली. मी माझ्या न्हानीचा पत्रा दिला. मंग पुढं तीन आठवडे उजाडायच्या आत आंघोळ उरकायची. माझ्यासारख्या म्हातारीला कोन बघतंय, पन कावळे बसतात.

संध्याकाळपर्यंत छप्पर तयार. चौदा पत्रे, चौदा घरचे. गोधडी दिसावी तसं.

तिसऱ्या दिवशी भावोजी आले. आमी सगळे दारात उभे. शाबासकी मिळनार म्हनून पोरांनी तर अंघोळी केलेल्या. भावोजींनी वर बघितलं. खाली बघितलं. पुन्हा वर बघितलं.

"वयनी," बोलले, "हे काय केलंत?"

"छप्पर घातलं."

"घराचा विमा हाय माझा. ते बोलतात, आमचा मानूस येऊन बघेपर्यंत कशाला हात लावायचा नाय. आता काय दाखवू त्याला?"

घराचा विमा असतो हेच आमाला ठाव नव्हतं. तुळसाबाय हळूच बोलली, "काढू का परत?"

"खबरदार!" भावोजी बोलले. "पाडून दाखवायचं म्हंजे खोटं. वादळानं पाडलं ते वादळाचं. आपन पाडलं ते आपलं."

तिकडून शिंदे खूश. त्यांनी छप्पर बघितलं नि बोलले, "काका, रंग सोडा, छप्पर आहे ना? बँकेचा माणूस फक्त छप्पर बघतो. चला, रजिस्ट्रेशन करून टाकू."

भावोजी बोलले, "छप्पर माझं नाय. जे माझं नाय ते विकू कसं?"

"अहो काका, मग विम्याचे पैसे येईपर्यंत थांबायचं? जून संपला तर माझं लोन जाईल. मला दुसरीकडे बघावं लागेल."

"बघा," भावोजी बोलले. पन आवाज बसलेला होता. दुसरीकडं बघतील तर पेनच्या खोल्या गेल्या. सोनूबाय वरच राहनार.

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "भावोजी, आमी पत्रा परत मागितला का? विका नि जावा!" तर बोलले, "तुझी न्हानी उघडी टाकून?"

विम्याचा मानूस आला तो पोरगाच. पाठीला बॅग, बुटाला चिखल. नेमके त्याच दिवशी शिंदे बायकोला घर दाखवायला घेऊन आलेले. त्या पोरानं छप्पर बघितलं आनि विचारलं, "आजोबा, नुकसान कुठंय?"

भावोजी बोलले, "गावात हाय. चला."

काय वरात निघाली सांगू! पुढं भावोजी, मागं तो साहेब, मागं शिंदे नवरा-बायको, मागं आमी बायका, शेवटी बकऱ्या. भावोजी एक एक घर दाखवतात. "वर तो हिरवा बघितलास? तो इथला. हे बघ भोक." साहेब भोकाचा फोटो काढतो. "निळा या पडवीचा. काढ फोटो." मैदानात नेला, गोठ्यात नेला. पाटी जिथून आली तिथं एक गाडी उभी होती, तिचापन फोटो काढला. मंग माझ्या न्हानीशी आले. साहेब लाजला. मी बोलले, "ये बाबा, आत बादली हाय फक्त."

त्याच्या वहीची पानं संपत आली. परत घरी येऊन त्यानं भिंतीकडं बोट केलं. पोरगा मनानं चांगला होता, डोळ्यानं खुनावत बोलला, "आणि ही भेग वादळाचीच ना आजोबा?"

"नाय," भावोजी बोलले. "ती रंजनाच्या लग्नातली. मांडवाचा टेम्पो मागं घेताना लागला."

"खिडकी तरी?"

"एक काच वादळाची. दुसरी मी फोडली. बायकोवर चिडून तांब्या फेकलेला. तिची चूक नव्हती."

मी मागून त्यांचा सदरा ओढला. तुळसाबाय "ओ भावोजी, जरा गप" करत होती. साहेबानं पेन खाली ठेवलं. बोलला, "आजोबा, मी रोज चार घरं बघतो. सगळीकडे वादळानं टीव्हीपण नेलेला असतो. तुमच्याकडे वादळानं फक्त पत्रेच नेले?"

"आनि एक काच," भावोजी बोलले. "लिव ना."

शिंद्यांची बायको इतका वेळ वर बघत होती. ती मला बाजूला घेऊन बोलली, "मावशी, आमचं छप्पर उडालं तर द्याल का असे पत्रे?"

मी बोलले, "आधी राहायला तर ये."

ती नवऱ्याकडं गेली. काय बोलली ते मला ऐकू नाय आलं, पन शिंदे डोकं खाजवत आले नि बोलले, "काका, शेवटच्या तारखेपर्यंत थांबतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

विम्याच्या हापिसातून दोनदा फोन आला. त्यांना कळेना, घर एक नि भोकं चौदा घरांत कशी. भावोजी दोन्ही वेळा पहिल्यापासून सांगत, हिरव्या पत्र्यापासून. दुसऱ्या वेळी तिकडची बाई हसायलाच लागली म्हनं. चार दिवस राहिले असताना पैसे आले.

भावोजींनी सगळ्यात आधी पत्र्यांचा टेम्पो मागवला. त्यांच्या घरावर नवे पत्रे चढले, आनि आमचे जे खिळ्यांनी भोकं पडलेले, त्यांच्या जागी आमालापन नवे. द्यायला स्वतः यायचे. "घे वयनी. कोपऱ्यात ओरखडा हाय. बाकी चालू." मी न्हानीत दुपारची आंघोळ केली. काय सुख!

तिसाव्या तारखेला रजिस्ट्रेशन झालं. पेनच्या खोल्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरला. शिंदेबाय किल्ली घेऊन ओटीवर बसलेली, आमी सगळ्या चहा पीत होतो. भावोजींनी मला मागच्या दारी बोलावलं.

"वयनी, एक काम हाय. तुला खोटं बोलावं लागंल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सोनूला ठाव नाय," ते बोलले. "घर विकलं ते. मी सांगितलंच नाय. चार महिने फोनवर सांगतो, घर आपलंच हाय, तू बरी झालीस की परत यायचं. त्या खोल्या भाड्यानं घेतल्यात असं बोललो. आज जातोय तर विचारंल. मला नीट जमत नाय, घाम फुटतो. तू बोल, घर हाय तसं हाय."

ज्या मानसानं वादळावर एक भेग खोटी चढवली नाय, तो माझ्यापुढं मान खाली घालून उभा होता. त्यांनी फोन लावला, माझ्या हातात दिला, नि स्वतः टेम्पोची दोरी आवळायला गेले. दोरी आधीच आवळलेली होती.

"सोनू," मी बोलले, "घर हाय तसं..."

"व... यनी." तिनं मला थांबवलं. एक एक शब्द येत होता. "इकलं... ना? मला... ठाव हाय. रंजी... बोलत होती... जावयाशी."

मी टेम्पोकडं पाठ फिरवली, भावोजींना माझं तोंड दिसू नये म्हनून.

"त्यांना... सांगू नको. मी रोज... विचारते. तुळशीला... पानी घातलं का. ते बोलतात... घातलं. त्यांना... बरं वाटतं."

मंग ती हसली. आवाज तुटका, पन हसू तेच, चुलीपाशी बसलेली असायची तवाचं.

मी फोन परत दिला. भावोजींनी कान पुढं केला, तो चांगला.

"काय बोलली?"

"तुळशीला पानी घाला बोलली."

भावोजी अंगनात गेले. घर आता त्यांचं नव्हतं, म्हनून वृंदावनापाशी थांबले नि शिंदेबायकडं बघितलं. तिनं काही न विचारता तांब्या भरून त्यांच्या हातात दिला.