देवरामकाकाजींचे किरायदार

दुपारचं जेवण झालं की देवरामकाकाजी आपल्या तीन रिकाम्या खोल्यांसमोर बाज टाकायचे, डोक्याखाली दुपट्टा घ्यायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायचे, "आवाज करू नोका. कमाई करून राहिलो."

मोबाइलवरच्या एका कोटवाल्या माणसानं त्यांना सांगितलं होतं की घरं किरायानं दिली की माणूस झोपेतही पैसा कमावतो. काकाजींनी त्यातला झोपेचा भाग लगेच अमलात आणला. महिन्याभरानं मला म्हणाले, "ताई, झोप तं बराबर लागून राहिली. पैसाच येऊन नाही राहिला."

"काकाजी, आधी किरायदार लागतो."

"तो बी येईन. जमीन तयार झाल्याबिगर पेरते का कोणी?"

काकाजी मूळचे आसगावचे, जन्मभर धान पिकवलेले. काकी गेल्या, पाठोपाठ गुडघे गेले, तेव्हा त्यांनी शेत विकलं, पवनीला आमच्या शेजारी घर घेतलं आणि त्याला लागून या खोल्या काढल्या. पुण्याच्या मुलानं, नितीननं, अट घातली: दिवाळीपर्यंत एक तरी किरायदार टिकवून दाखवा, नाहीतर सगळं विकू आणि तुम्ही इकडे या. पुण्याला काकाजी एकदा राहून आले आहेत. त्याबद्दल एवढंच सांगतात, "थुकाले बी लिफ्टनं खाली या लागते."

मला कामं क्रमानं करायची सवय आहे. मी त्यांना कागदावर लिहून दिलं: वेगळं मीटर, करारनामा, आधार कार्डाची प्रत, पोलीस ठाण्यात माहिती, अनामत रक्कम. काकाजींनी कागद आदरानं वाचला आणि परत दिला. "यात धानाची परीक्षा नाही."

त्यांचा सिद्धांत असा, की ज्या खोलीत धान टिकते, त्याच खोलीत माणूस टिकते. भावाकडून धान आणून त्यांनी तिन्ही खोल्यांत छतापर्यंत पोती रचली. ओल येते का, उंदीर शिरतो का, हे एक पावसाळा पाहायचं. नेमके त्याच दिवसांत दोन शिक्षक खोली बघायला आले. दार उघडलं आणि पोत्यांची भिंत समोर आली.

"खोली कुठे आहे?"

"धानाच्या मांगं," काकाजी म्हणाले. "चहा घ्या. पावसाळा सरला का दिसन."

धान पास झालं, पोती परत गेली आणि मुलाखती सुरू झाल्या. पगार, गाव, लग्न यातलं काही नाही. पहिला प्रश्न, "दिवसातून किती डाव भात खाता?" विमा विकणारा एक सुखवस्तू तरुण म्हणाला, डॉक्टरांनी भात बंद केलाय. काकाजींनी त्याला अदबीनं फाटकापर्यंत पोचवून दिलं.

"भात नाही खात तं त्याचं मन कसं लागन इथं? पळून जाईन."

"बिनभाताचा का होईना, किराया तर देईल!"

"ताई, तुम्ही किराया पाहून राहिल्या. मी पीक पाहून राहिलो."

दसरा उलटला. नितीनचे फोन वाढले. अशात सुजाता आली. सरकारी दवाखान्यात नव्यानं लागलेली नर्स, सोलापूरकडची, भाकरी खाणारी. वेळ अशी होती की काकाजींनी भाकरीकडे काणाडोळा केला. अनामत नाही, करार नाही. "आधी राहा, किरायाचं मांगून बोलू," म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

आठवडाही झाला नसेल, सुजाता माझ्या दारात. बॅग भरूनच आली होती.

"काकू, मी खोली सोडते. काका रोज सकाळी दारासमोर येऊन उभे राहतात. माझ्या तोंडाकडे बघतात, 'अजून नाही' म्हणतात आणि निघून जातात. मला भीती वाटते हो."

मलाही वाटली. तिला घेऊन मी तशीच काकाजींकडे गेले.

"काकाजी, पोरगी खोली सोडून चालली."

ते बाजेवरून उठलेच. "काहून? ओल आली का?"

"रोज सकाळी तिच्या तोंडाकडे काय पाहता?"

काकाजींना प्रश्नच कळेना. "पाहा लागते ना, ताई. धानाचं पऱ्हं एका जागेवरून उपटून दुसरीकडं रोवलं, का ते माना टाकते. पिवळं पडते. तवा रोज सकाळी शेताच्या धुऱ्यावर जाऊन पाहा लागते, जीव धरला का नाही. हे पोरगी तं केवढ्या दुरून उपटून आली! अशा दिवसांत पाणी द्या लागते, का किराया मांगा लागते?"

सुजाता बॅगेचा पट्टा घट्ट धरून उभी होती. मी माझा मुद्दा सोडला नाही.

"ते रोप असतं, काकाजी. माणूस आपला आपण रुजतो."

"नाही रुजत," काकाजी बाजेच्या दोरीवरून बोट फिरवत म्हणाले. "मले इथं येऊन वर्ष झालं. सकाळी येऊन कोणी पाहूनच नाही राहिलं."

सुजाता बॅग घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला म्हणून मी बाहेर आले, तर ती कामावर जायच्या कपड्यांत काकाजींच्या दारासमोर उभी. काकाजी तोंड धुऊन बाहेर आले आणि तिथंच थबकले. तिनं त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. आधी या बाजूनं, मग त्या.

"काका, अजून पिवळेच आहात."

काकाजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग परत पुसलं.

"मंग थांबा लागन तुले, पोरी."