तारीखमावशी

आमच्या गावात दोन बाया रस्त्यात भेटल्या की एकमेकींना विचारतात, जेवलीस का. सरूमावशी विचारायची, "तारीख?"

पुढं नाही, मागं नाही. टँकरच्या रांगेत, आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढता वाढता. एकदा तर एका म्हाताऱ्याच्या तिसऱ्याला. सगळ्या बाया गळा काढून रडतायत, आणि ही धाकट्या सुनेच्या गळ्यात पडून तिच्या कानात विचारतेय, "तारीख झाली का गं?" सुनेनं हुंदक्यातच सांगितलं, "परवाच." मग मावशी मोकळ्या मनानं रडली.

सरूमावशी आमच्या गावची आशाताई, आरोग्य खात्याची. आष्टीच्या बाजूचं कोरडवाहू गाव आमचं. मावशीचं वय पन्नाशीच्या पुढं, अंगात मूठभर मांस, आवाज मात्र भोंग्यासारखा. ज्या ज्या बाईला मूल राहू नये म्हणून तांबी बसवलेली, तिची पाळी कधी आली आणि पुढची कधी यायची, हे मावशीला त्या बाईच्या नवऱ्याआधी ठाऊक. पोरं तिला तारीखमावशी म्हणायची. पारावरचे बाप्येही हसायचे, तर त्यांनाच सुनावायची, "तारीख काय शिवी हाय का बे? तुमी काय झाडाला लागलात का?"

रस्त्यात ओरडून विचारणारी ही बाई कागदावर मात्र कुणाचं नाव लिहीत नसे. "वही कुनाच्याबी हाती पडती," म्हणायची. तिच्या भिंतीवर दूध सोसायटीचं कॅलेंडर होतं, वर चेअरमनसाहेबांचा हसरा फोटो. प्रत्येक बाईची टिकली ठरलेली. कुणाची लाल, कुणाची हिरवी, कुणाची खड्याची. ज्या दिवशी पाळी यायची त्या चौकोनात ती टिकली. आणि जिची तारीख उलटली तिची टिकली थेट चेअरमनच्या कपाळावर. निवडणुकीत चेअरमन स्वतः मतं मागायला आले. भिंतीवर आपल्याच कपाळावर पाच टिकल्या बघून म्हणाले, "हे काय हो मावशी?"

"बाया हाईत साहेब. सध्या तुमच्या डोक्यावर हाईत."

चेअरमननी चहासुद्धा पुरा केला नाही.

आम्ही हसायचो. सगळ्यात जास्त मीच दात काढायची.

मग ते पाऊसच न झालेलं साल आलं. सोसायटीचे कॅन अर्धे जायला लागले, जनावरं छावणीला गेली, आणि दिवाळी होताच सगळं गाव ऊसतोडीला निघालं. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको मागं राहिली की मजूर नेणारा मुकादम नवऱ्याला विचारत नाही. माझी धाकटी पोरगी तेव्हा वर्षाची झालेली. तिच्या पाठीवर मी तांबी बसवून घेतली होती, त्यामुळं मी बिनघोर. तारीख नऊ दिवस उलटली तरी बिनघोर. म्हटलं, तांबी असताना कसली आलीय भीती? उन्हानं, उपासानं गेली असेल पुढं. ओटीपोटात उजवीकडं दुखायचं, त्याचं खापर मी टँकरच्या घागरींवर फोडलं.

सासूबाईंचं मत निराळं. "तांबी वर सरकली असंल. त्यापरीस पिशवीच काढून टाक. शेजारची आली की काढून, आता खाडा न्हाई तिचा." आमच्या भागात पंचविशीतल्या पोरी दाढ काढावी तशा पिशव्या काढून येतात, आणि कुणाला काही वाटत नाही. खोटं कशाला बोलू, मलाही फार काही वाटलं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी टँकरवर मावशीनं गाठलंच. "सुमे, तारीख?"

"झाली."

"कवा?"

"सोमवारी."

"सोमवारी तू तीन खेपा केल्यास, हसत हसत. पाळीच्या पहिल्या दिशी तू कुनाशी बोलत न्हाईस. चल घरला."

असली बाई पोलिसात असती तर जिल्ह्यात चोर उरला नसता.

तिच्या घरी गेले तर माझी मरून टिकली आधीच चेअरमनच्या भुवयांच्या मधोमध. मावशीनं हातात पेला दिला, मी मोरीत जाऊन आले, तिनं पट्टीवर थेंब टाकले. एक रेघ ठळक उमटली. दुसरी अशी पुसट, की मी म्हटलं, "ही काय रेघ झाली का?"

"पुसट असंना. हाय ना?"

"अगं पन तांबी हाय ना मला!"

मावशीचा भोंगा एकदम बसला. त्या दिवसापर्यंत मी तिला घाबरलेलं बघितलं नव्हतं. "म्हनूनच," ती म्हणाली. "तांबी बी असती आन् कवाकवा दिवस बी ऱ्हातात. तवा गरभ नळीत अडकायचं भेव असतं. नळी फुटली तर बाई हाती लागत न्हाई. आजच सोनोग्राफी करायची."

नवरा म्हणाला, तिकडं गेल्यावर बघू, तिकडंही दवाखाने हाईत. मुकादम म्हणाला, दरसाल निघताना कुणाचं ना कुणाचं पोट दुखतंच. आणि मी? मीही दुपारी गुमान ट्रकमध्ये बोचकं टाकलं. गावात राहून काय माती खायची होती?

पोरींना घेऊन परत आले तर बोचक्यावर मावशी मांडी घालून बसलेली.

"उतर मावशे."

"न्हाई उतरत. हिच्या जागी मी येते तोडायला."

ट्रकभर हशा पिकला. मुकादम म्हणाला, "म्हातारे, कोयता कुठून धरतात ठाव हाय का?"

"बारा वर्सं तोडलाय बे! तू तवा बापाच्या खांद्यावर बसून उसाच्या फडात यायचास, नाक गळत."

हशा मुकादमावर उलटला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून गाव गोळा केलं, तासभर झाला, मावशी हलेना. शेवटी मुकादमानंच माझं बोचकं खाली फेकलं. "जा, घेऊन जा तुझी लाडकी!" नवरा सगळ्या गावासमोर मला नाही नाही ते बोलला. पोरी सासूपाशी टाकल्या आणि मावशीनं मला जीपमध्ये कोंबलं. मी वाटभर तिला शिव्या देत होते. अर्ध्या वाटेत पोटात अशी कळ आली की शिवी तोंडातच राहिली.

पुढचं मला तुटक आठवतं. सोनोग्राफी, गाडी, जिल्ह्याचा सरकारी दवाखाना. गर्भ नळीतच होता आणि नळी फुटली होती. ती नळी काढली, तांबीही काढली, दोन बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फडात असतीस तर वाचली नसतीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी खाटेवर बसून माझे केस विंचरत होती. मी सहज म्हटलं, "बारा वर्सं ऊस तोडलास, कधी बोलली न्हाईस ते?"

तिनं एक गुंता सोडवला, पुन्हा फणी घातली.

"सून होती मला," ती म्हणाली. "रुक्मी. पोरगी झाल्यावर मीच तिला तांबी बसवून आनली. फडात मला म्हनली, आत्याबाई, तारीख चुकलीय, पोटात लई दुखतंय. मी म्हनले, तांबी हाय की तुला, कुठलं काय आलंय? कामचोर हायेस. उचल मोळी."

फणी थांबली.

"उचलली तिनं. गाडीपातुर बी पोचली न्हाई."

मावशीचा मुलगा पुण्याकडं असतो आणि मायलेकरांचं पटत नाही, एवढंच मागून लग्न होऊन आलेल्या आम्हा बायांना माहीत. का पटत नाही हे आम्ही कुणी कधी विचारलंच नाही. रुक्मी गेली त्या दिवसापासून लेकानं आईचं तोंड बघितलं नव्हतं. रुक्मीची पोरगी आजोळच्यांनी नेली. सोयरीक तुटली.

"नात चौदाची झाली आता," मावशी म्हणाली. "तिला न्हानं आलं का न्हाई, मला कोन सांगनार?"

मला रडू आवरेना. टाके ओढले जात होते तरी आवरेना. डोळे पुसून मी म्हटलं, "मी जाते बरी झाल्यावर. मी विचारून येते. गाव सांग."

तिनं गाव सांगितलं. मग गल्ली सांगितली. मग घर सांगितलं, पत्र्याचं, निळ्या दाराचं, दारात हापसा.

"तू गेलतीस तिथं?"

"म्हैन्यातून एकदा जाते. समोर लिंब हाय, त्याच्याखाली बसते. ती शाळंला जाताना दिसती." तिनं माझी वेणी घालायला घेतली. "हाक न्हाई मारत."