यादीत नसलेला सतरा नंबर

निकेश भोईर चिअर करताना श्वास घ्यायचा नाही. उगाच वाढवून सांगत नाहीये, मी दोन वर्षं त्याच्या शेजारी उभी होते. आमच्या कॉलेजचा गडी मधली रेष ओलांडून चढाईला गेला की निकेश छातीवर हात ठेवायचा, एकदाच काय तो दम भरायचा आणि त्याच्याबरोबर 'कबड्डी, कबड्डी' सुरू करायचा. गडी परत येईपर्यंत किंवा पकडला जाईपर्यंत दुसरा श्वास नाही. चढाई असते तीस सेकंदांची. तेवढ्यात ह्याचा चेहरा आधी लाल, मग जांभळा. एकदा सरावाच्या मॅचला तो सरळ माझ्या अंगावर कोसळला, आमची अख्खी रांग मोडली आणि सरांचा ओरडा मात्र मला बसला. आणखी एकदा तर पंचांनीच तक्रार केलेली, की ह्या मुलाच्या आवाजात चढाई करणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही.

आमचं कॉलेज डोंबिवलीचं. जिमखान्याच्या सावंतसरांनी टीव्हीवर कुठेतरी बघितलं आणि कबड्डीच्या टीमसाठी चिअरिंगचा ग्रुप काढायचं त्यांच्या डोक्यात बसलं. मी डान्सच्या ग्रुपमधून बाद झालेले, म्हणून इथे आले. आम्ही आठ मुली आणि निकेश. पिवळ्या चकचकीत कागदाच्या झिरमिळ्या कापून आम्हीच हातातले गोंडे बनवलेले, दर मॅचला त्यातले निम्मे झडायचे. निकेशला नाच शून्य. आम्ही उजवा हात वर केला की त्याचा डावा, तोही छातीवरून निघाला तर. टीममधली मुलं त्याला 'नववी मुलगी' म्हणायची. तो म्हणायचा, हां, नववी, आता बाजूला हो, मला ओंकार दिसत नाय.

ओंकार म्हणजे आमचा कॅप्टन. सहा फुटी, रेड्यासारख्या तब्येतीचा, त्याला कुणाच्या आधाराची काय गरज? मी एकदा वैतागून निकेशला तेच विचारलं. तो अगदी गंभीर झाला. "एकटा जातो गं तो. पलीकडं सात जण असतात." बस, एवढंच. हे त्याचं ठरलेलं वाक्य. एका मॅचला तर समोरच्या कॉलेजचा एक बारकासा मुलगा घाबरत घाबरत आमच्या बाजूला चढाईला आला आणि ह्याने चक्क त्याच्यासाठी दम धरला. आम्ही आठ जणींनी त्याला धारेवर धरलं. तर म्हणे, तोही एकटाच आलेला ना.

आता ह्या माणसाने स्वतः का खेळू नये? खेळायचं होतं की. तीन वेळा सिलेक्शनला उभा राहिला. दोनदा पहिल्याच चढाईत पकडला गेला. तिसऱ्या वेळी त्याला पकडायचीही वेळ आली नाही, तो स्वतःच्याच बुटाच्या नाडीत पाय अडकून रेषेच्या अलीकडे पडला.

ह्यात घरची गोष्ट अशी, की त्याचे वडील एके काळचे गाजलेले कबड्डीपटू. कल्याण-शीळ रस्त्यावरचं त्यांचं गाव, भातशेतीच्या जागी आता टॉवर आलेत, भोईरकाकांची स्वतःची चार मजली बिल्डिंग आहे. पण दर्शनी खोलीत सोफ्यापेक्षा जास्त जागा ढालींना. निकेश ग्रुपमध्ये आला त्या संध्याकाळी काकांनी जेवताना विचारलं, टीममधी हाईस ना? आणि हा म्हणाला, हां.

झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याची आई डब्यात सहा उकडलेली अंडी द्यायला लागली. आमचा खेळाडू एक खायचा, बाकीची आम्ही. दोन वर्षांत आम्ही आठ जणी त्या अंड्यांवर चांगल्या बाळसेदार झालो. रात्री गुडघ्यांना तेल लावायला आई बसायची, तेव्हा हा न दुखणाऱ्या गुडघ्यांवर गप्प लावून घ्यायचा. आणि जेवताना बापाला मॅच सांगायचा. अगदीच खोटं सांगायचा असंही नाही. प्रत्येक चढाईचं एकेक पाऊल त्याला पाठ असायचं. फक्त ते पाय कुणाचे, एवढं सांगायचं राहून जायचं.

शेवटच्या वर्षी आमची टीम ठाण्याच्या स्पर्धेत फायनलला पोचली. आम्ही हवेत. निकेश मात्र जिन्यात डोकं धरून बसलेला. फायनल रविवारी, आणि काका येणार होते. एकटे नाही, दोन गाड्या भरून गाव घेऊन.

मी म्हटलं, अरे मग आज घरी जा आणि सांगून टाक, मारणार थोडेच आहेत? तो बुटाची नाडी सोडून परत बांधत राहिला. मग म्हणाला, "मारतील तर चालेल. दोन वर्षं झाली, रोज जेवताना ते माझ्याशी बोलतात गं. त्याआधी आम्ही बोलायचोच नाय. मी ताट उचलून आत जायचो, ते बाहेर बसायचे. खरं सांगितलं की परत गप्प होतील."

तोवर मला त्या प्रकाराची मजाच वाटत होती. त्या दिवसापासून वाटेनाशी झाली.

म्हणून मग मी जो मूर्खपणा केला त्याची सगळी जबाबदारी माझी. आयडिया माझीच होती. निकेशच्या घोट्याला क्रेप बँडेज बांधायचं, टीमची जर्सी घालून त्याला राखीव खेळाडूंच्या बाकावर टोकाला बसवायचं, आणि काकांना सांगायचं की आदल्या दिवशी पाय मुरगळला. गेल्या वर्षीची एक जास्तीची जर्सी जिमखान्याच्या कपाटात होती, सतरा नंबरची. सावंतसर आधी माझ्यावर भडकले. मग निकेशचा चेहरा बघून विरघळले आणि म्हणाले, बस, पण तोंडातून अक्षर काढायचं नाही.

रविवारी ठाण्याच्या त्या हॉलमध्ये भोईरकाका गावासकट पहिल्या रांगेत बसले. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, मांडीवर बंद मूठ. मुलाचं बँडेज लांबूनच बघून त्यांनी मान हलवली, होतं असं, म्हटल्यासारखी. निकेश बाकावर ताठ बसलेला. मॅच सुरू झाली, ओंकार पहिल्या चढाईला गेला, आणि मी गोंडे हलवता हलवता बघितलं तर ह्याचे ओठ मिटलेले आणि चेहरा लाल होत चाललेला. आवाज न काढता दम धरून बसला होता, काय म्हणायचं ह्याला?

पाच मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो. ओंकार चढाईला गेला, बोनसच्या रेषेपाशी पोचला आणि तिथे तिघांनी त्याला घेरलं. आम्ही ओरडत होतो, पण समोरच्यांचं कॉलेज ठाण्याचंच, अर्धा हॉल त्यांचा. आमचं काय ऐकू जाणार?

आणि निकेश उठला. मुरगळलेला पाय घेऊन उडी मारून थेट मॅटच्या कडेला गेला आणि असा काही ओरडला की हॉल दचकला. बँडेज सुटून मागे फरफटत होतं. ओंकार तिघांच्या हातून निसटला, एकाला शिवून परत आला. गुण मिळाला, पण पंचांनी शिट्टी मारली आणि निकेशला हिरवं कार्ड दाखवलं. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद. जन्मात एक मॅच न खेळलेल्या माणसाला मिळालेलं असं कार्ड मी दुसरं बघितलेलं नाही.

ताकीद लिहायला टेबलावरच्या माणसाने यादी काढली. वर बोट, खाली बोट, पुन्हा वर. मग माइकवरून आवाज आला, की सतरा नंबर यादीत नाही, सतरा नंबर कोण आहे? सावंतसर धावत गेले. बिचारे हळू बोलले, पण माइक चालू होता.

"तो खेळाडू नाही हो. तो आमचा चिअरिंगचा मुलगा आहे."

सगळ्या हॉलने ऐकलं. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. माझी काकांकडे बघायची हिंमत झाली नाही. पंचांनी निकेशला बाकावरून हटवलं, तो आमच्या रांगेत येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. मी हळूच सॉरी म्हटलं. त्याने ऐकलं की नाही माहीत नाही, कारण ओंकार परत रेषेकडे निघाला होता आणि ह्याचा हात छातीवर गेला होता. आता लपवायला काही उरलं नव्हतं. उरलेल्या वेळात त्याने सगळ्या चढाया मोठ्याने केल्या, बापासमोर, गावासमोर. आम्ही एका गुणाने हरलो.

हॉल रिकामा व्हायला लागला तसे भोईरकाका पायऱ्या उतरून आमच्याकडे आले. गाव मागे. आम्ही आठ जणी एकमेकींना चिकटून उभ्या. निकेश खाली बघत बँडेज गुंडाळत होता, आणि ते संपतच नव्हतं. मागून कुणीतरी काकांना विचारलं, काय रं दादूस, तू तर बोललास पोऱ्या खेलतय? काकांनी वळून त्याच्याकडे बघितलं.

"नाय खेलत. वरडतय तो. ऐकलास ना?"

तो माणूस मागे सरकला. नंतर काका गप्प. निकेश ज्याला घाबरला होता तो हाच गप्पपणा. मग काकांनी मॅटकडे बोट केलं.

"शेवटच्या चढाईला तो कॅप्टन उजवीकडं कशाला गेला? डावा कोपरा मोकला होता."

निकेशने मान वर केली. तोंड उघडलं, पण आवाज बसलेला, नुसती हवा आली. दुसऱ्या प्रयत्नात शब्द फुटले.

"त्याचा डावा खांदा दुखतोय बाबा. दोन मॅच झाल्या."

"मंग उजवीकडं जाऊन पन तो डावा हात कशाला पुढं केला?"

खरं सांगते, मला तिथेच रडू आलं. आम्ही गोंडे पिशवीत भरले, झडलेल्या झिरमिळ्या वेचल्या आणि बाहेर आलो. फाटकाशी दोन्ही गाड्या भरून तयार होत्या, आतली माणसं हॉर्नवर हॉर्न वाजवत होती. बापलेक रस्त्याच्या कडेला उभे होते. काकांनी एक पाय पुढे टाकून हात लांब केला होता, निकेश मान हलवून त्यांना नाही म्हणत होता, आणि दोघांनाही हॉर्न ऐकू येत नव्हता.